ऑफर लेटर खालून वर वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातली बरीच मुलं-मुली आता विमान उद्योगात इंजिनिअर म्हणून लागतात. कुणी बेंगळुरूला, कुणी हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीला. त्यांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे पगाराविषयीचे प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. कराचे आणि कपातीचे नियम आर्थिक वर्ष २०२५-२६चे आहेत. उदाहरणांतल्या पगाराच्या रकमा हिशेब कळावा म्हणून घेतल्या आहेत.

प्रश्न (खानापूर) : बेंगळुरूच्या एका मोठ्या विमान कंपनीच्या डिझाईन सेंटरमध्ये मुलाची निवड झाली आहे. ऑफर ९ लाख ६० हजारांची. म्हणजे महिना ८० हजार ना? तो म्हणतो, साठसुद्धा हातात येणार नाहीत. खरं काय?

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. ९ लाख ६० हजार ही सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला त्याच्यापायी वर्षाला येणारा एकूण खर्च. पगार त्याचा एक भाग. ऑफर लेटरच्या पहिल्या पानावर हा मोठा आकडा असतो आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, त्याची फोड असते. आधी शेवटचं पान उघडायचं.

अशा ऑफरची फोड साधारण अशी निघते. मूळ पगार महिना ४०,०००. घरभाडं भत्ता १६,०००. स्पेशल अलाउन्स ८,२७६. हे तिन्ही मिळून ६४,२७६, आणि महिन्याच्या स्लिपवर जमेच्या बाजूला एवढंच दिसतं. उरलेलं सगळं सीटीसीत धरलेलं, पण स्लिपवर न येणारं : कंपनीचा पीएफचा वाटा ४,८००, ग्रॅच्युइटीची (बरीच वर्षं काम केल्यावर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद १,९२४, आरोग्य विम्याचा हप्ता १,०००, आणि व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगार, ८,०००. बेरीज करा, बरोबर ८० हजार भरतात.

आता ६४,२७६ मधून मुलाचा स्वतःचा पीएफ ४,८०० आणि कर्नाटकचा व्यवसाय कर २०० वजा जातो. हातात ५९,२७६. प्राप्तिकर शून्य, कारण व्हेरिएबल धरूनही वर्षाचं करपात्र उत्पन्न ७५,००० च्या प्रमाणित वजावटीनंतर आठ लाखांच्या आत राहतं आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही.

म्हणजे ८० आणि ५९ मधले २० हजार ७२४ रुपये सगळे बुडीत नाहीत. त्यातले ९,६०० पीएफमध्ये त्याच्याच नावावर साठतात. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं टिकला तरच मिळणार. ती १,९२४ आली कुठून? मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरायचा. १५ भागिले २६, त्याला १२ ने भागा, तोच आकडा येतो. पाच वर्षांनी मूळ पगार तेवढाच राहिला असं धरलं तरी ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे १,१५,३८५ रुपये. तीन वर्षांत नोकरी बदलली तर यातलं काहीही हाती येत नाही, सीटीसीत दरवर्षी लिहिलेलं असलं तरी.

व्हेरिएबलचं काय? बाजारात तुरी. कंपनीचा निकाल, विभागाचा निकाल आणि स्वतःचं रेटिंग यांचा गुणाकार होऊन तो वर्षातून एकदा येतो, बहुतेकदा वर्ष संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी. दोन अटी हमखास असतात : मधेच रुजू झालात तर तेवढ्याच महिन्यांचा मिळतो, आणि पैसे वाटायच्या तारखेला तुम्ही नोकरीत असावं लागतं, राजीनामा दिलेला चालत नाही. म्हणून घरभाडं, कर्जाचा हप्ता, घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब ५९ हजारांवर करा. व्हेरिएबल आला तर चांगलंच.

एचआरला रुजू होण्याआधी मेलवर विचारण्यासारखं : पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापणार की १५,००० वर? विम्याचा हप्ता सीटीसीतून जातो का? मागच्या वर्षी व्हेरिएबल सरासरी किती टक्के वाटला गेला? तिसऱ्याचं उत्तर मिळेलच असं नाही, पण विचारायला हरकत नसते.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : दोन कंपन्यांच्या ऑफर आहेत. एकीत मूळ पगार सीटीसीच्या ५० टक्के, दुसरीत ३० टक्के आणि स्पेशल अलाउन्स भरपूर. दुसरीत हातात जास्त येतं. तीच घ्यावी का?

उत्तर : फक्त हातात किती येतं यावर ठरवू नका. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, बऱ्याच ठिकाणी नोटीस काळाची वसुली, हे सगळं मूळ पगारावर बांधलेलं असतं. ९ लाख ६० हजारांतच मूळ पगार ४०,००० ऐवजी २४,००० धरला तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी १,१५,३८५ वरून ६९,२३१ वर येते.

ही पळवाट आता अरुंद झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या. वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाडं वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे. तेव्हा दुसऱ्या कंपनीला विचारा, ‘नव्या व्याख्येप्रमाणे ग्रॅच्युइटी कशावर मोजता?’ ऑफर लेटर जुन्या साच्यातलं असेल तर फोड बदलणार आहे, आणि बदलली की हातात येणारी रक्कम थोडी कमी होऊ शकते. करारावर, ठराविक मुदतीसाठी घेत असतील तर सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी लागू होते. पाच वर्षांची अट कायम नोकरीवाल्यांना.

प्रश्न (येळ्ळूर) : पीएफ १,८०० च कापू का असं कंपनी विचारते. काय करावं?

उत्तर : पीएफची कायदेशीर मर्यादा १५,००० वेतनाची आहे, त्याचे १२ टक्के म्हणजे १,८००. वरच्या उदाहरणात हा पर्याय घेतला तर कंपनीच्या वाट्यातले ३,००० स्पेशल अलाउन्समध्ये येतात आणि तुमची कपात ३,००० ने घटते. हातात ५९,२७६ ऐवजी ६५,२७६. बचत मात्र ९,६०० वरून ३,६०० वर. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं, आणि पाच वर्षं सलग नोकरीनंतर काढलेल्या रकमेवर कर नाही. पगार सुरू होताच गाडीचा हप्ता सुरू करणाऱ्याला आम्ही पूर्ण १२ टक्केच सुचवू. शिक्षणकर्ज दहा-अकरा टक्क्यांचं असेल तर उलट : १,८०० घ्या आणि वरचे सहा हजार दर महिन्याला कर्जात भरा. पण खरोखर भरा.

एक बारीक गोष्ट. पहिलीच नोकरी आणि वेतन १५,००० हून जास्त असेल तर १ सप्टेंबर २०१४ नंतरच्या नियमाप्रमाणे तुम्ही पेन्शन योजनेत येत नाही; कंपनीचा पूर्ण वाटा पीएफमध्येच जमा व्हायला हवा. पण रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये चुकीची खूण होते आणि दरमहा १,२५० रुपये पेन्शन खात्यात वळू लागतात. तीन-चार वर्षांनी कंपनी बदलून पैसे ट्रान्सफर करायला गेलं की अर्ज अडतो. पहिल्या तीन महिन्यांतच पासबुक उघडून पेन्शनचा रकाना शून्य आहे का पाहा. त्याच वेळी दुरुस्ती सोपी असते.

प्रश्न (उचगाव) : आधारवर माझ्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं, दहावीच्या मार्क्स कार्डवर वेगळं. कंपनीच्या पडताळणीत अडकलं आहे. आता?

उत्तर : आपल्या भागातली ही घरोघरची गोष्ट. कन्नडमध्ये लिहिलेलं नाव कुणीतरी इंग्रजीत उतरवतं आणि जाधवचा जाधवा, पवारचा पवारा होतो. आडनावाच्या शेवटी एक जादा ‘ए’ चिकटतो. कुठे वडिलांचं नाव नुसत्या एका अक्षरावर, कुठे पूर्ण. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. गावात याने कुणाचं काही बिघडत नाही. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक) मात्र आता आधारच्या चेहरा पडताळणीने उमंग अॅपवर तयार होतो आणि आधारवर जे नाव असेल तेच जसंच्या तसं तिथे उतरतं. पॅनवर दुसरं असेल तर केवायसी नाही, केवायसी नाही तर पुढे ट्रान्सफर नाही.

क्रम असा ठेवा. पाया म्हणून एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड धरा, कारण पासपोर्टला आणि कंपनीच्या पडताळणीला तेच पाहतात. ते बदलणं सगळ्यांत अवघड. मग आधारवरचं नाव त्याबरहुकूम करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर जाण्याआधी एकेक अक्षर कागदावर लिहून न्या आणि पावती हातात आली की तिथेच वाचा. त्यानंतर पॅन, त्यानंतर बँक खातं, आणि शेवटी यूएएन. उलट्या क्रमाने गेलात तर एकच काम दोनदा करावं लागतं. रुजू व्हायची तारीख जवळ आली असेल तर कंपनीला मेल करून सांगा, की दुरुस्तीचा अर्ज केला आहे, पावती जोडली आहे. सोबत नोटरीचं प्रतिज्ञापत्र द्या. लपवलं तर संशय येतो, सांगितलं तर मुदत मिळते.

जन्मदाखल्यावर ‘बेळगाव’ आणि आधारवर ‘बेळगावी’ एवढाच फरक असेल तर चिंता करू नका. जिल्ह्याचं अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, हे पडताळणीवाल्यांना ठाऊक असतं.

जुनी कंपनी सोडल्यावर नोकरी संपल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर चढली का, तेही पाहा. त्यांनी चढवली नाही तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतः चढवू शकता. ती तारीख नव्या कंपनीच्या रुजू तारखेच्या एक दिवस जरी पुढे गेली तरी मे २०२५ पर्यंत ट्रान्सफरचा अर्ज परत यायचा.

प्रश्न (चिकोडी) : एचएएल आणि खासगी परदेशी कंपनी, दोन्हींची तयारी करतेय. सरकारी कंपनीत पगार कमी असतो असं सगळे म्हणतात.

उत्तर : सुरुवातीच्या वर्षांत हे खरं नाही. एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीत, डिझाईन किंवा मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागणाऱ्याला ४०,००० ते १,४०,००० ही श्रेणी मिळते. ती २०१७ च्या वेतन फेररचनेतली आहे. मूळ ४०,००० वर महागाई भत्ता, जो जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असा तिमाहीने बदलतो. हिशेबाला ५० टक्के धरू, २०,०००. निवडीच्या भत्त्यांची टोपली मूळ पगाराच्या ३५ टक्क्यांपर्यंत, १४,०००. इथेच ७४,००० झाले. त्यावर बेंगळुरूला घरभाडं भत्ता : महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या आत असेपर्यंत २७ टक्के, त्यापुढे ३० टक्के. म्हणजे आणखी १०,८०० ते १२,०००. पीएफ मूळ अधिक महागाई भत्त्यावर, ७,२००. बारीकसारीक वर्गण्या सोडल्या तर हातात ७७-७८ हजार. वरच्या ९ लाख ६० हजारांच्या खासगी ऑफरशी ताडून पाहा.

शिवाय निवृत्तीच्या लाभांसाठी, म्हणजे पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि निवृत्तीनंतरचे उपचार यांसाठी मिळून, मूळ अधिक महागाई भत्त्याच्या ३० टक्क्यांपर्यंत कंपनी घालू शकते. वार्षिक वाढ ३ टक्के, आणि पुढची वेतन फेररचना १ जानेवारी २०२७ पासून येऊ घातली आहे.

फरक पुढे पडतो. खासगी कंपनीत चांगली इंजिनिअर सहा-सात वर्षांत दोनदा जागा बदलून दुप्पट-अडीचपटीवर जाते. सरकारी श्रेणीत ३ टक्के आणि ठरलेल्या वर्षांची बढती. दुसरं म्हणजे बदली. नाशिकजवळचं ओझर असेल तर बेळगावच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल, पण ओडिशातलं कोरापूट किंवा उत्तर प्रदेशातलं कोरवाही निघू शकतं. पोस्टिंग कुठे हे मागता येत नाही, हे धरूनच अर्ज करा. निव्वळ पगारासाठी सरकारी सोडून खासगी, असा निर्णय पहिल्या वर्षी घेण्याजोगा नाही.

प्रश्न (संकेश्वर) : हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) ४ लाख २० हजार, बेंगळुरूला ७ लाख २० हजार. घरचे म्हणतात जवळ राहा.

उत्तर : हातात किती ते आधी. हत्तरगीच्या ऑफरमधून, मूळ पगार निम्मा धरून, साधारण २९ हजार येतील. बेंगळुरूच्या ऑफरमधून व्हेरिएबल आणि विमा वगळता ४५ हजार. बेंगळुरूला भाड्याचा वाटा १२ हजार, जेवण ७, प्रवास ३, घरी ये-जा ३ धरा, २० उरतात. शिवाय सुरुवातीला सहा ते दहा महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट एकरकमी अडकतं. संकेश्वरहून हत्तरगी महामार्गावर, घरचं जेवण, महिन्याला ८ हजार खर्च, २१ उरतात. पहिल्या वर्षी दोन्ही सारखंच.

म्हणून पैशाकडे न पाहता काम कोणतं मिळतंय ते पाहा. हत्तरगीच्या आवारात फोर्जिंग, मशीनिंग आणि पृष्ठप्रक्रिया एकाच ठिकाणी होतात. विमानाचा सुटा भाग कच्च्या धातूपासून तपासणीपर्यंत डोळ्यांसमोर जातो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांनी या जिल्ह्याला मशीनवरचा हात दिला, विमानाच्या कामात त्याला कागद जोडावा लागतो. तुम्हाला फाइव्ह-अॅक्सिस (पाच अक्षांवर फिरून कापणाऱ्या) मशीनचं प्रोग्रॅमिंग, सीएमएम (मापं तपासणाऱ्या यंत्राचं) प्रोग्रॅमिंग किंवा एएस ९१०२ या विमान उद्योगाच्या मानकाप्रमाणे पहिल्या नगाची तपासणी यांपैकी एक काम मिळत असेल तर दोन वर्षांनी तुमचा भाव बेंगळुरूच्या बरोबरीने वाढलेला असेल. पेनेट्रंट तपासणीत (द्रव लावून बारीक भेगा शोधण्याच्या कामात) एनएएस ४१० या मानकाचं लेव्हल २ प्रमाणपत्र मिळवलंत तर आणखी चांगलं. ते करणारी माणसं कमी आहेत. मात्र त्यात दरवर्षी जवळच्या नजरेची तपासणी होते आणि रंग ओळखता येतात का तेही पाहतात, हे आधीच बघून घ्या. पण ऑफर नुसती ‘प्रॉडक्शन इंजिनिअर’ अशी असेल आणि प्रत्यक्षात शिफ्टवर माणसं मोजायचं काम असेल, तर बेंगळुरूची गाडी पकडा. मुलाखतीतच विचारा, ‘पहिले सहा महिने कोणत्या सेलमध्ये?’ उत्तर गोलमोल आलं तर काम तेच, माणसं मोजायचं.

प्रश्न (निपाणी) : राहायला निपाणीत, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. व्यवसाय कर कोणत्या राज्याचा?

उत्तर : जिथे काम, तिथला. महाराष्ट्रात पुरुषांना महिना १०,००० हून जास्त पगारावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ. कर्नाटकात २५,००० पासून पुढे २००, फेब्रुवारीत ३००. म्हणजे १८ हजार पगाराच्या माणसाला कागलला कापतात, निपाणीत कापत नाहीत. पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), प्राप्तिकर केंद्राचे. सीमेने त्यांना काही फरक पडत नाही.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : अमेरिकन कंपनीने बढतीबरोबर आरएसयू दिले आहेत. ते पगारात धरायचे का? कर कसा लागतो?

उत्तर : आरएसयू म्हणजे पालक कंपनीचे शेअर्स, ठरलेल्या वर्षांत हप्त्याहप्त्याने तुमच्या नावावर होणारे. ते देऊ केल्याच्या दिवशी कर लागत नाही. नावावर झाले त्या दिवसाच्या बाजारभावाने तेवढी रक्कम तुमचा पगार म्हणून धरली जाते. समजा ३ लाखांचे शेअर्स नावावर झाले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात. उपकर धरून ९३,६०० कर. कंपनी बहुधा तेवढे शेअर्स तिथेच विकून कर भरते आणि उरलेले तुमच्या खात्यात टाकते. खात्यात शेअर्स कमी दिसले म्हणून घाबरून फोन करणारे दरवर्षी असतात. फॉर्म १६ बरोबरच्या १२बीए या फॉर्ममध्ये पाहा, हिशेब तिथे जुळतो.

पुढे विकलेत तर नफा फक्त नावावर झाले त्या दिवसाच्या भावाच्या वरचा. २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर १२.५ टक्के, आधी विकले तर तुमच्या टप्प्याने.

चूक होते ती रिटर्नमध्ये. परदेशी शेअर एक जरी असला तरी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो, आणि त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात तो दाखवावा लागतो. विकला नसला तरी, लाभांश आला नसला तरी. हे परिशिष्ट कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचं असतं, जानेवारी ते डिसेंबर. ब्रोकरच्या खात्यात डब्ल्यू-८बीईएन फॉर्म (तुम्ही अमेरिकेबाहेरचे आहात असं सांगणारा) भरून ठेवा, म्हणजे लाभांशावर अमेरिकेत करारानुसार २५ टक्केच कापतील. तो कर इथल्या करातून वजा मागता येतो. गावातल्या कर सल्लागाराला हे तोंडी सांगून भागत नाही, ब्रोकरचं स्टेटमेंटच द्या.

पगारात धराल का? घराच्या कर्जासाठी नाही. कंपनी सोडलीत की नावावर न झालेले हप्ते बुडतात.

प्रश्न (अथणी) : मुलीच्या कंपनीचा मेडिक्लेम आम्हा आईवडिलांनाही आहे, ३ लाखांचा. तरी वेगळा विमा घ्यावा का?

उत्तर : आधी पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा शोधा. बऱ्याच ठिकाणी ती विमा रकमेच्या एक टक्का असते, म्हणजे तुम्हाला दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत तर वरचे ३,००० च खिशातून जातील असं वाटतं. तसं होत नाही. चार दिवसांचं बिल असं धरा : खोली २४,०००, डॉक्टर-ऑपरेशन-नर्सिंग ८०,०००, औषधं-तपासण्या ४०,०००. खोलीचे १२,००० मंजूर. डॉक्टर वगैरेंचेही त्याच प्रमाणात निम्मे, ४०,०००. औषधं-तपासण्या पूर्ण. १,४४,००० पैकी ९२,००० मिळाले आणि ५२,००० खिशातून. दाखल होतानाच खोली निवडा, डिस्चार्जच्या दिवशी काही करता येत नाही.

बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरचं कोणतं रुग्णालय नेटवर्कमध्ये आहे, याची यादी मुलीकडून मागवून घरात लावून ठेवा. अथणीहून मिरज जवळ. नेमकं तेच यादीत नसलं तर आधी पैसे भरून मागाहून क्लेम करावा लागेल. आणि हो, वेगळा विमा घ्या. नोकरी सुटली की हे कवच त्याच दिवशी जातं, आणि साठीनंतर नवी पॉलिसी महाग आणि अटींची मिळते.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : दोन वर्षांचा बाँड, एक लाखाचा जॉइनिंग बोनस. आधी सोडलं तर?

उत्तर : तीन गोष्टी वेगळ्या करा. बाँडची रक्कम प्रशिक्षणाच्या खर्चाशी सुसंगत असेल तर ती वसूल होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो’ हे कट्ट्यावरचं ज्ञान विसरा. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या.

जॉइनिंग बोनस देताना त्यावर कर कापतात, परत मागताना पूर्ण एक लाख मागतात. ३० टक्क्यांच्या कर टप्प्यात असाल तर हातात आलेले ६८,८०० आणि द्यायचे १,००,०००. ऑफर लेटरमध्ये ‘महिन्यांच्या प्रमाणात वसुली’ असा शब्द आहे का बघा; नसेल तर सही करण्याआधी मागून घ्या. अठरा महिने काम केल्यावर पूर्ण रक्कम द्यायची की पाव, हे त्या एका शब्दावर ठरतं.

नोटीस काळाचे पैसे मूळ पगारावर की एकूण पगारावर, तेही तिथेच लिहिलेलं असतं. राजीनाम्यानंतरचा थकीत पगार दोन कामाच्या दिवसांत देणं वेतन संहितेत बंधनकारक आहे. आपल्याकडे ‘पंचेचाळीस दिवस लागतात’ असं ठोकून सांगतात, तेव्हा कलम १७ चा उल्लेख करून मेल पाठवा.

प्रश्न (गोकाक) : पगार १२ लाख ८५ हजार होतोय. दहा हजारांसाठी ६० हजार कर बसेल म्हणून वाढ नाकारू का?

उत्तर : नाकारू नका. ७५,००० वजा जाता करपात्र १२,१०,०००. टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो खरा, पण सीमांत सवलतीमुळे १२ लाखांच्या वरच्या रकमेहून जास्त कर लागत नाही. म्हणजे १०,००० अधिक चार टक्के उपकर, १०,४००. करपात्र उत्पन्न १२,७०,५८८ च्या पुढे गेलं की ही सवलत संपते आणि नेहमीचे टप्पे लागतात. त्या पट्ट्यात अडकायचं नसेल तर कंपनीला एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत तिचा वाटा टाकायला सांगा. नव्या करप्रणालीतही तो वजा मिळतो. मूळ पगार ५०,००० असेल तर वर्षाला ८४,०००, आणि तुम्ही परत १२ लाखांच्या आत.